भारतीय होण्याआधीचे कांदेपोहे

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी भारतीय झालो. त्याआधी मी मुकुंदवाडीत राहणारा परदेशी होतो.

माझ्याकडे बघून कुणाला हे खरं वाटत नाही. आमचं मूळ गाव करमाड, रंग मराठवाड्याच्या उन्हाचा, आणि स्टेशनजवळ माझं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून (म्हणजे नवी तार गुंडाळून) द्यायचं दुकान. पण माझे वडील तरुणपणी नोकरीसाठी टांझानियाला गेले आणि तिथल्या साखर कारखान्यातल्या साहेबाच्या सांगण्यावरून तिथलेच नागरिक झाले. (साहेबानं सांगितलं की वडील लगेच सही करायचे. आईनं सांगितलं की मात्र विचार करायचे.) माझा जन्म तिकडचा. मी दहा वर्षांचा असताना कारखाना बंद पडला आणि वडिलांना अचानक मातृभूमीची ओढ लागली. आम्ही परत आलो, ते परदेशी म्हणून! वडिलांना कुणी सांगितलं की, "कागदं बदलून घ्या की," ते म्हणायचे, "करू की!" हे "करू की" करता करता ते वारले. बाकी इस्टेट फारशी नव्हती, त्यामुळे मला वारशात तेवढंच मिळालं.

मग मी इथंच शिकलो, इथंच लग्न केलं, इथंच टक्कल पडलं. अधूनमधून राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला सरकारी कचेरीत जायचो. तिथला बाबू पासपोर्ट बघून माझ्याशी इंग्रजीत बोलायचा आणि मी त्याला मराठीत उत्तर द्यायचो. एकदा तो कौतुकानं म्हणाला, "मराठी छान शिकलात हो!" मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

या सगळ्याचं मला काही वाटायचं नाही. वाटायचं ते फक्त मतदानाच्या दिवशी. केंद्रात मोबाईल न्यायला बंदी आणि अख्ख्या गल्लीत मत नसलेला मोठा माणूस मी एकटा. त्यामुळे सगळे आपापले मोबाईल माझ्याकडे ठेवून आत जायचे. मी शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली कापडी पिशवी घेऊन उभा, आणि पिशवीत बारा जणांच्या बारा रिंगटोन! लोक बाहेर यायचे, शाई लावलेल्या बोटाचा फोटो त्याच मोबाईलनं मलाच काढायला सांगायचे. मी असा शेवटचा उभा होतो तेव्हा माझी मुलगी मृणाल पहिल्यांदा मत देऊन आली. तिनं बोट पुढं केलं आणि म्हणाली, "पप्पा, नीट काढा, थरथरू नका." मी थरथरत नव्हतो. मला रडू येत होतं. त्याच आठवड्यात मी नागरिकत्वाचा अर्ज केला.

अर्ज लिहून देणारा टायपिस्ट जाणकार होता. म्हणाला, "सगळं ठीक आहे. आता तुमची चौकशी होईल. घाबरायचं नाही. पोलिसांची जीप येईल, वर्दीतले लोक येतील, दोन-चार प्रश्न विचारतील. माणूस शांत आहे, इथंच टिकून राहणारा आहे, बाहेर काही लागेबांधे नाहीत, एवढंच त्यांना बघायचं असतं." मी जीपची वाट बघू लागलो. जीप काही येईना. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गणपती बसले आणि उठले.

तेवढ्यात बायकोनं दुसरी आघाडी उघडली. मृणाल इंजिनिअर होऊन बजाजनगरला कंपनीत लागली होती. सुनीतानं (म्हणजे माझ्या बायकोनं) तिचा बायोडाटा माझ्या करमाडच्या आत्याकडे दिला. आत्याच्या हातात बायोडाटा देणं म्हणजे लाऊडस्पीकरला देणं. आठवड्यात आत्याचा फोन आला.

"जालन्याकडचे पावणे हायेत. लई चांगलं घर. पण त्यांची रीत येगळी हाय बघ. सांगून येत नायत. आधी गल्लीत चौकशी करतेत, मंग अचानक घरी टपकतेत. घर कसं हाय ते खरं कळावं म्हून."

"केव्हा येतील?"

"आता ते सांगितलं तर अचानक कसं व्हईल?"

झालं! सुनीतानं त्याच दिवशी पडदे धुतले. मला घरात बनियनवर फिरायला मनाई झाली. फरसाणाचे डबे भरून तयार. मृणाल म्हणाली, "मला आत्ता लग्नच करायचं नाहीये," तर सुनीता म्हणाली, "तुला कुणी विचारलंय? तू फक्त ड्रेस घालून बस." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिनं शेजारीपाजारी निरोप दिला. स्थळाची चौकशी आली की शेजाऱ्यांनी काय बोलायचं असतं, हे आमच्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या कमलमावशींच्या पुतण्याच्या वेळी आम्हीच त्याच्या दोन म्हशींच्या बारा केल्या होत्या. आता परतफेडीची पाळी मावशींची होती.

गुरुवारी दोन माणसं गल्लीत आली. एक पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर आठ्या. दुसरा तिशीतला, गोरा, उंच, इस्त्रीची पँट. हुबेहूब बाप आणि लेक! त्यांनी नळापाशी उभ्या असलेल्या कमलमावशींना माझ्या घराबद्दल विचारलं. पुढचं मला मावशींनीच संध्याकाळी अभिमानानं सांगितलं.

"म्या म्हनलं, घर लई बडं हाय. ह्यो मोटारी भरतो ते नुसतं येळ जायला. खरी इस्टेट आफ्रिकेत हाय."

"मावशी, आफ्रिकेत?"

"मंग! तिकडून पैसा येतो, पर कुनाला कळू देत न्हाईत, म्हनलं. लई आतल्या गाठीची मानसं."

"ते काय म्हणाले?"

"म्हतारा लिहून घेत व्हता. लई आवडलं बघ त्याला."

कोपऱ्यावर सलीमभाईंची बेकरी. ते माझे जुने दोस्त. त्यांनीही कसर ठेवली नव्हती. ते मला म्हणाले, "भाई, मैंने बोला, आदमी एक नंबर. बाहर के मुल्क में ऐसी पहचान है के पूछो मत. रात-बेरात मेहमान आते, खाना खाके जाते, हमको भी नहीं मालूम कौन. इतना बडा दिल!"

(रात्री येणारे पाहुणे म्हणजे करमाडचे शेतकरी. मोटार जळाली की ते वेळ बघत नाहीत.)

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं मी सुनीताला म्हणालो. तिनं लगेच पाच जणांचे पोहे निवडून ठेवले.

शनिवारी सकाळी ते दोघं दारात उभे! मोठा माणूस म्हणाला, "नमस्कार. मी सोनवणे. हे गायके. तुमच्याबद्दल जरा माहिती घ्यायची होती."

बाप आणि लेकाची आडनावं वेगळी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी म्हटलं, मुलगा बहिणीचा असेल, मामा घेऊन आला असेल. मुलीचा बाप एकदा समजून घ्यायला बसला की त्याला काहीही समजतं.

"या, या! वाटच बघत होतो!" मी म्हणालो.

"वाट बघत होता?" सोनवणे दचकले.

"गल्लीत चौकशी केलीत ना परवा? आम्हाला सगळं कळतं!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सोनवण्यांचा हात शर्टच्या खिशाकडे गेला. तेवढ्यात सुनीता आतून आली. "अहो, ते राहू द्या! पत्रिकाबित्रिका नंतर. आधी पोहे." सोनवणे म्हणाले, "ताई, आम्ही ड्युटीवर असताना..." पण तोवर त्यांच्या हातात बशी होती आणि पोह्यांवर ओलं खोबरं होतं. भरलेली बशी हातात असताना खिशातून काही काढता येत नाही, हे कुणीही करून बघावं.

सोनवणे बशी सांभाळत म्हणाले, "उत्पन्नाचं साधन काय तुमचं?"

हा प्रश्न मला अपेक्षितच होता. मी मागं रेललो. "दुकान आहे. पण दुकान ही आपली हौस. तिकडं बरंच आहे."

"तिकडं म्हणजे?"

"टांझानियात. आपण त्याबद्दल कुठं बोलत नाही. लोकांच्या डोळ्यावर येतं."

गायकेनं बशी खाली ठेवली आणि वही उघडली. मुलगा हिशेबी दिसतो, मला बरं वाटलं.

"तिकडच्या लोकांशी संबंध आहेत अजून?"

"आहेत म्हणजे! वर्गमित्र सैन्यात मोठा अधिकारी आहे. आठवड्याला बोलणं असतं." (तिसरीत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. मोठेपणी सैन्यात जाणार म्हणायचा आणि माझ्या पेन्सिली चोरायचा. त्याचं नावही मला आठवत नाही.)

"कशाबद्दल बोलणं असतं?"

"ते कसं सांगायचं!" मी हसून म्हणालो. मोठ्या ओळखी अशाच सांगायच्या असतात.

सोनवण्यांनी घाम पुसला आणि सुनीताकडे वळले. "ताई, यांचा स्वभाव कसा आहे?"

"अहो, लई शांत! घरात बसून काय करत असतात ते शेजाऱ्यांनाच काय, मला बी कळत नाही."

गायके भराभर लिहीत होता. सोनवण्यांनी घसा खाकरला. "शेवटचा प्रश्न. नीट विचार करून सांगा. कायम इथंच राहायचा तुमचा विचार आहे का?"

मी मनात म्हटलं, आलं लक्षात! मुलाला परदेशात नोकरी लागणार आणि सासरा इथं आजारी पडून पोरीला बोलावत बसेल, अशी यांना धास्ती आहे. मी छातीवर हात ठेवला.

"छे, छे! इथं काय ठेवलंय? तुम्ही म्हणाल त्या देशात जाऊ. उद्या म्हणालात तर उद्या बॅग भरू. माझा पासपोर्ट तर तिकडचाच आहे!"

"आणि इथली धूळ तर बघताच तुम्ही," सुनीतानं भर घातली.

गायकेनं ते शब्दशः लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला वाटलं, स्थळ पक्कं झालं.

एवढ्यात मृणाल चहाचा ट्रे घेऊन आली. तिचा चेहरा आधीच तापलेला होता. तिनं गायकेच्या समोर कप आपटला आणि समोरच्या खुर्चीत बसली. "तुम्ही काय करता?"

गायके गोंधळला. "ते... सांगता येत नाही मॅडम. गोपनीय असतं."

सुनीतानं मला कोपरानं ढोसलं. गोपनीय! म्हणजे केवढी मोठी नोकरी!

"कुठं असता, तेही गोपनीय?"

"हो."

"मग लग्न झाल्यावर तरी सांगाल का?"

गायकेला ठसका लागला. "कुणाचं लग्न?"

"आपलं! कशाला आलात मग?"

"मॅडम, माझं झालंय! मुलगी आहे मला दोन वर्षांची!"

सुनीता उठली. तिचा असा चेहरा मी एकदाच बघितला होता, मी तिच्या माहेरच्या लोणच्याला नावं ठेवली होती तेव्हा. "लग्न झालेलं असताना पोरगी बघायला येता? घरात पोरगी असताना? काही लाज?" असं म्हणून तिनं गायकेपुढची अर्धी खाल्लेली बशी उचलून घेतली. सोनवण्यांनी आपली बशी घाईनं स्वतःच खाली ठेवली आणि अखेर त्यांचा हात खिशात पोचला. त्यांनी ओळखपत्र काढून माझ्या नाकासमोर धरलं.

"आम्ही तुमच्या नागरिकत्वाच्या अर्जाच्या चौकशीला आलोय!"

वर्दी नाही, जीप नाही. त्या टायपिस्टला मी अजून शोधतोय.

इतक्या महिन्यांची वाट आणि सगळं मी पोह्यांच्या एका बशीत घालवलं. मी हात जोडले. "साहेब, मी खोटं बोललो."

"कोणतं खोटं?"

"सगळंच."

"नाव?"

"नाव खरं आहे, साहेब."

सोनवण्यांनी चष्मा काढला. "अहो, पण मी लिहू काय? तुम्ही बोललात ते खरं असेल, तर परदेशी सैन्याशी तुमचे संबंध आहेत. खोटं असेल, तर तुम्ही सरकारी चौकशीत खोटं बोलणारे आहात, आणि अर्जदार चांगल्या चारित्र्याचा हवा अशी अट आहे. दोन्हीकडून तुम्ही गेलात!"

"शेजाऱ्यांना विचारा," मी गयावया केली. "ते खरं सांगतील."

मृणाल पळत जाऊन दोघांना घेऊन आली. वाटेत तिनं सांगितलं असावं की आलेले लोक सरकारी आहेत. कारण कमलमावशी दारातूनच म्हणाल्या, "साहेब, म्या ह्यांना वळखतच नाय."

"अहो, परवा तर तुम्हीच सांगितलंत, आफ्रिकेत इस्टेट आहे!"

"म्या? म्या तर आज गावाहून आले." (त्यांच्या हातात आमच्याकडून सकाळी नेलेली साखरेची वाटी होती.)

सलीमभाई मात्र पळाले नाहीत. ते खुर्ची ओढून सोनवण्यांच्या समोर बसले. "साब, झूठ तो हमने बोला. लेकिन लडकी का रिश्ता आया समझ के बोला. आप बताव, लडकी के रिश्ते में सच कौन बोलता?"

सोनवण्यांनी गायकेला वही मिटायची खूण केली. माझा धीर सुटला आणि तोंडाला आलं ते मी बोलून गेलो. मला कुठंच जायचं नाही, साहेब. मला टांझानियातला एक रस्ता आठवत नाही. मी दर निवडणुकीला फाटकाबाहेर मोबाईल सांभाळतो. मला एकदा आत जायचंय, बस. हे ऐकून मृणालनं येऊन माझा दंड धरला.

सोनवण्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ते 'दुकान ही आपली हौस' कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही साहेब. आपोआप आलं."

"मागच्या महिन्यात पैठणहून पाहुणे आले होते माझ्याकडे. माझ्या मुलीसाठी. मी म्हणालो, 'नोकरी ही आपली हौस, खरी शेतीच आहे.'" त्यांनी आवाज खाली आणला. "दोन एकर आहे. तीही भावाच्या नावावर."

गायके तोंडावर वही धरून हसत होता. सोनवण्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. "खोडा ते सगळं! आणि नीट लिहा. 'माणूस इथलाच आहे. याला दुसरीकडं कुठं पाठवलं तरी उपयोग नाही.'" मग सुनीताकडे वळून म्हणाले, "ताई, आता ते पोहे परत द्या." दोघं पोहे खाऊन गेले. जाताना सोनवण्यांनी मला पायऱ्यांवर बाजूला घेतलं. "ते जालन्याचं स्थळ... तुमच्या मुलीला नकोच असेल, तर आत्यांचा नंबर द्याल का?"

मी दिला.

पुढं यथावकाश सगळं झालं. जुना पासपोर्ट गेला, शपथेचा दिवस आला. शपथ घेताना माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावून गेला. मतदारयादीत नाव लागलं. आणि वॉर्डाच्या निवडणुकीत मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं! नवा शर्ट घालून, सगळ्या उमेदवारांची पत्रकं रात्रभर वाचून, पूर्ण विचार करून मी कपबशी चिन्हावर बोट दाबलं. बाहेर येऊन अख्ख्या गल्लीला बोट दाखवलं. कमलमावशींना दोनदा.

निकालानंतर दुसऱ्या दिवशी तो कपबशीवाला उमेदवार, गल्लीच्या पलीकडचा एक तरुण पोरगा, घर शोधत आला. आमच्या केंद्रावर त्याला एकच मत पडलं होतं. गल्लीत विचारत विचारत तो माझ्यापर्यंत पोचला होता. (गुप्त मतदान!) आत येऊन तो माझ्याकडे काळजीनं बघत राहिला.

"काका, मला तुम्ही मत दिलं?"

"हो! तुझं पत्रक वाचून दिलं."

"आवो, म्या तर आठ दिवस आधीच बसलो व्हतो! दुसऱ्याला पाठिंबा जाहीर केला व्हता. साऱ्या वॉर्डाला ठावं हाय. माझ्या बायकोनं मला मत न्हाय दिलं. म्या सोता न्हाय दिलं."

त्यानं मला टकलापासून चपलेपर्यंत एकदा नीट न्याहाळलं आणि अगदी प्रेमानं विचारलं,

"काका, तुम्ही इथले न्हाय वाटतं?"